‘जो’ दिसला की ‘तो’ शोधा : विशेषणवाक्य कसं शिकवावं?



आज व्याकरणावर लिहितेय, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत मुलांच्या बँक खात्यांचं काम चालू होतं. निरोप साधा होता. ज्यांचं खातं आधारला जोडलेलं नाही, त्यांच्या पालकांनी बँकेत जाऊन ते जोडून घ्यायचं. मी तो फळ्यावर लिहिला, मुलांनी वहीत उतरवून घेतला आणि घरी नेला. पण फळ्यावर लिहिताना माझ्या हातून सरकारी भाषा उतरली. वाक्य असं होतं :

“ज्या विद्यार्थ्यांच्या बँक खात्यास आधार क्रमांक जोडण्यात आलेला नाही अशा विद्यार्थ्यांचे पालक वगळता इतर पालकांनी बँकेत जाण्याची आवश्यकता नाही.”

चौथीतल्या एका मुलीने हे घरी आईला वाचून दाखवलं. तिचं खातं आधीच जोडलेलं होतं. पण आईच्या कानावर ‘आधार’, ‘जोडलेला नाही’, ‘पालकांनी’, ‘बँकेत’ एवढंच पडलं. दुसऱ्या दिवशी खुरपणीचा रोज बुडवून ती इंदापूरला गेली. दिवसभर रांगेत उभी राहिली, आणि संध्याकाळी कळलं की तिचं काम कधीच झालंय. उलट, ज्या मुलाचं खातं खरंच जोडायचं राहिलं होतं, त्याच्या वडिलांनी वाक्याचा फक्त शेवट धरला, ‘जाण्याची आवश्यकता नाही’, आणि ते घरीच थांबले. त्याच्या शिष्यवृत्तीचे पैसे पुढे दोन महिने अडकले.

ती आई शाळेत आली तेव्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, पोरीनं तर धडाधडा वाचून दावलं की. मग चुकलं कुठं?”

या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. पोरगी खरंच धडाधडा वाचते. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. ही मुलगी ६० शब्द सहज ओलांडते. उच्चार स्वच्छ, जोडाक्षरं बिनचूक. अडलं ते ‘अर्थ समजून’ इथे. एकेका शब्दाचा अर्थ तिला माहीत होता. वाक्यातला कोणता भाग कोणाबद्दल बोलतोय, हे मात्र तिला उलगडलं नाही. आणि खरं सांगायचं तर हा उलगडा करायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. ‘जो–तो’चं वाक्य हा आपण परीक्षेतल्या ‘प्रकार ओळखा’पुरता ठेवलेला विषय आहे. तो वाचनाचा विषय म्हणून प्राथमिक शाळेतच शिकवायला हवा. नाव नंतर सांगितलं तरी चालेल, पण उलगडा आधी यायला हवा.

विशेषणवाक्य म्हणजे नेमकं काय?

थोडी उजळणी करू. मिश्र वाक्यात एक मुख्य वाक्य असतं आणि त्यावर अवलंबून असणारी एक किंवा अधिक गौण वाक्यं असतात. गौण वाक्य नामाचं काम करत असेल तर ते नामवाक्य, क्रियाविशेषणाचं करत असेल तर क्रियाविशेषणवाक्य आणि विशेषणाचं करत असेल तर विशेषणवाक्य.

ही व्याख्या मुलांना पाठ होते आणि विसरली जाते. त्यापेक्षा ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहा :

१. हुशार मुलगी पहिली आली.
२. कालव्याकाठी राहणारी मुलगी पहिली आली.
३. जी मुलगी कालव्याकाठी राहते, ती पहिली आली.

तिन्ही वाक्यांत आपण एकच प्रश्न विचारतो, “कोणती मुलगी?” पहिल्यात उत्तर एका शब्दाचं आहे. दुसऱ्यात शब्दांचा एक छोटा गट आहे. तिसऱ्यात अख्खं वाक्यच उत्तर म्हणून आलंय, त्याला स्वतःचं क्रियापदही आहे, ‘राहते’. जे वाक्य “कोणता? कोणती? कोणतं?” याचं उत्तर देतं ते विशेषणवाक्य. चौथीच्या मुलाला एवढं पुरतं.

मुलं हे आधीच बोलतात

आपल्याला वाटतं, हे अवघड आहे, आठवी-नववीत बघू. पण मधल्या सुट्टीत मैदानावर कान देऊन ऐका.

“ज्याची बॅट त्याची पयली बॅटिंग.”
“जो आउट हुईल त्यानं बॉल आणायचा.”
“जवा बेल हुईल तवा जाऊ.”
“घावंल ते घिऊन ये.”

पहिलं वाक्य बघा. ‘ज्याची’ आणि ‘त्याची’ ही जोडी इतकी चोख आहे की आपल्या पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणालाही लाजवेल. शेवटच्या वाक्यात तर ‘जे’ गाळलंय, ‘(जे) घावंल ते’. मराठीत हे सर्रास चालतं. मिळेल ते काम, होईल ते होईल, दिसेल त्याला विचार. पहिलीतलं पोरही अशी वाक्यं बोलतं आणि समजतं.

घरात आजी-आजोबांच्या तोंडी हीच रचना म्हणींतून येते. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. जशी देणावळ तशी धुणावळ. पेरावं तसं उगवतं.

म्हणजे मुलांच्या तोंडात ही रचना आहे, कानात आहे. नाही ती फक्त वहीत आणि वाचनात. बोलताना वाक्य छोटं असतं, समोर माणूस असतो, हातवारे असतात. लिखाणात ‘ज्या’ आणि ‘त्या’ यांच्यामध्ये दहा-पंधरा शब्द येऊन बसतात, आणि तिथे पोरं हरवतात. आपलं काम आहे ते तोंडातलं वहीपर्यंत आणायचं. ‘त्यो’ नको ‘तो’ म्हण, हे सांगायला पुढे वेळ आहे. आधी जोडी बरोबर लागलीय याचं कौतुक करा.

लिंग-वचन एक, विभक्ती आपापली

या रचनेचा एकच नियम मुलांना पक्का करून द्यायचा असेल, तर तो हा आहे. मी फळ्यावर असं लिहिते :

जो फळा पुसेल, तो पाणी पिऊन येईल.
ज्याने फळा पुसला, त्याला खडू द्या.
ज्याला खडू दिला, त्याची वही तपासा.
ज्याची वही तपासली, तो बसला.

चारही ओळींत ‘जो’ आणि ‘तो’ एकाच मुलाबद्दल बोलतात. म्हणून दोघांचं लिंग एक, वचन एक. पण ‘जो’ला कोणता प्रत्यय लागणार हे त्याच्या स्वतःच्या छोट्या वाक्यावरून ठरतं आणि ‘तो’ला कोणता लागणार हे मुख्य वाक्यावरून. पुसणारा कर्ता आहे म्हणून ‘ज्याने’. त्याला द्यायचं आहे म्हणून ‘त्याला’. दोन्ही प्रत्यय सारखे असायलाच हवेत असं नाही.

मुलगा बदलून मुलगी घ्या. जिने फळा पुसला, तिला खडू द्या. अनेकजण घ्या. ज्यांनी फळा पुसला, त्यांना खडू द्या. दहा मिनिटांत तोंडी सराव होतो आणि मुलांना खेळ वाटतो.

इथे एक खाचखळगा आहे, तो शिक्षकांनी लक्षात ठेवावा. तो म्हणजे ‘ज्या’ हा शब्द.

ज्या मुली आल्या… (अनेक मुली)
ज्या मुलीने सांगितलं… (एकच मुलगी)
ज्या मुलाने सांगितलं… (एकच मुलगा)
ज्या घरात लग्न आहे… (एकच घर)
ज्या गावांना पाणी मिळालं… (अनेक गावं)

एकटा असेल तर ‘जिने’, पण पुढे नाम आलं की ‘ज्या मुलीने’. म्हणजे नुसता ‘ज्या’ वाचून मुलाला एक की अनेक, तो की ती, काहीच कळत नाही. पुढचं नाम वाचेपर्यंत थांबावं लागतं. सरकारी सूचनांत तर ‘ज्या’ नंतर नाम येतं आणि मग ‘ज्यांच्या’, ‘अशा’, ‘अशांच्या’ यांची रांग लागते. पोरं ‘जो मुलाने’ असं लिहितात तेव्हा आपण लाल शाई मारतो. पण त्या बिचाऱ्याने निदान जोडी लावायचा प्रयत्न केलाय, एवढं तरी बघावं.

मराठीकडे दोन वाटा आहेत

माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि तोच आपण शिकवत नाही.

‘जो मुलगा काल आला, तो’ हेच आपण ‘काल आलेला मुलगा’ असंही म्हणतो. ‘जी बाई आंबे विकते, ती’ म्हणजे ‘आंबे विकणारी बाई’. ‘जे पुस्तक मी वाचलं, ते’ म्हणजे ‘मी वाचलेलं पुस्तक’. दोन्ही वाटा अस्सल मराठी आहेत.

पहिली वाट संस्कृतकडून आलेली. संस्कृतात यः–सः, यत्र–तत्र, यदा–तदा अशा जोड्या आहेत. त्या ‘य’चा पुढे प्राकृतातून येताना ‘ज’ झाला. हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांतही या जोड्या आहेत. दुसरी वाट आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांना फार प्रिय आहे. कन्नडमध्ये ‘निन्ने बंद हुडुग’ म्हणतात, शब्दाला शब्द लावला तर ‘काल आलेला मुलगा’. आपला इंदापूर तालुका सोलापूर जिल्ह्याला खेटून आहे आणि त्याच जिल्ह्यात पुढे अक्कलकोटकडे घराघरांत कानडी बोलतात. मराठी या दोन भाषाकुळांच्या वेशीवर वाढली आणि दोन्ही वाटांनी सहज चालते. मुलांना हे सांगितलं की त्यांना आपल्या भाषेचं अप्रूप वाटतं.

बोलताना आपण ‘-णारा’ आणि ‘-लेला’ची वाट जास्त वापरतो, कारण ती आखूड आहे. मग ‘जो–तो’ हवाच कशाला? तर प्रत्येक वेळी आखूड वाटेने जाता येत नाही. हे वाक्य बघा :

ज्या मुलीबरोबर मी शाळेत जाते, ती आज आली नाही.

आता याचं ‘-णारी’ करून बघा. ‘मी शाळेत जाणारी मुलगी’? अर्थच बिघडला. ‘बरोबर’ हा शब्द ठेवायला जागाच राहिली नाही. इथे ‘जो–तो’ला पर्याय नाही.

आणि आपल्या वर्गातलं रोजचं न्यायालय आठवा. दोन पोरं रडत येतात. ‘मारणारा मुलगा’ कोण आणि ‘मारलेला मुलगा’ कोण? एका प्रत्ययाने आरोपी आणि फिर्यादी बदलतात. ‘ज्याने मारलं तो’ आणि ‘ज्याला मारलं तो’ म्हटलं की शंकाच उरत नाही. मुलांना हे उदाहरण कधी विसरत नाही, स्वानुभव असतो ना!

‘जो की’चं काय करायचं?

हल्ली एक प्रकार फार ऐकू येतो. “आम्ही भिगवणला गेलो, जे की खूप सुंदर आहे.” “माझा मित्र, जो की पुण्याला असतो…” बातम्यांत, भाषणांत, रीलमध्ये, आणि आता मुलांच्या निबंधातही. यातला ‘जो की’ म्हणजे हिंदीतल्या ‘जो कि’ची सावली. आणि वाक्याची ठेवण बहुतेक वेळा इंग्रजीची असते, आधी नाम आणि त्याच्या शेपटीला वर्णन. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ‘द बॉय हू केम यस्टरडे’ याचं ‘मुलगा जो काल आला’ असं भाषांतर पोरं करणारच.

मुख्य वाक्य आधी आणि ‘जो’चं नंतर, हे मराठीत अगदीच निषिद्ध आहे असं मी म्हणणार नाही. जोर देण्यासाठी आपण तसं बोलतोच, “तोच खरा मित्र, जो अडचणीला धावतो.” पण इथे ‘तोच’ आहे बघा, जोडी शाबूत आहे. ‘जे की’मध्ये जोडी तुटते, ‘ते’ कुठेच येत नाही. म्हणून मी मुलांना रागवत नाही, फक्त विचारते, “जे की म्हणालास, मग ते कुठं गेलं?” पोरगं हसतं आणि स्वतःच दुरुस्त करतं, “भिगवण खूप सुंदर आहे, तिथं आम्ही गेलो.” झालं काम.

गणितात गेलेले मार्क

ज्यांना वाटतं की हा भाषेच्या तासाचाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे उदाहरण. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी मी एक प्रश्न दिला होता :

“ज्या दोन अंकी संख्येला ७ ने भागले असता बाकी ३ उरते आणि जिच्या अंकांची बेरीज ९ आहे, ती संख्या कोणती?”

काहींनी २४ लिहिलं, म्हणजे पहिली अट पाळली, दुसरी विसरले. काहींनी ३६ लिहिलं, म्हणजे फक्त दुसरी अट. एकाने तर ३ आणि ९ मिळवून १२ लिहिलं. या सगळ्या मुलांना भागाकार येतो.

मी गणित बाजूला ठेवलं आणि म्हटलं, वाक्य सोडवा. ‘ज्या’, ‘जिच्या’ आणि ‘ती’ला गोल करा. हे तिघं एकाच संख्येबद्दल बोलतायत. आता त्याची सुटी वाक्यं करा :

एक संख्या आहे. ती दोन अंकी आहे.
तिला ७ ने भागलं की बाकी ३ उरते.
तिच्या अंकांची बेरीज ९ आहे.
ती कोणती?

मग पोरांनी स्वतःच १०, १७, २४, ३१, ३८, ४५ अशी रांग लावली आणि ४५ वर थांबली. चार अधिक पाच नऊ. ज्या मुलाने १२ लिहिलं होतं तो म्हणाला, “मॅडम, हे तर सोपं हुतं!” गणित सोपंच होतं, अडलं होतं ते वाक्य. अशी किती मुलं आपण ‘गणितात कच्ची’ म्हणून बाजूला काढली असतील, याचा विचार मनात आला आणि वाईट वाटलं.

वर्गात काय करता येईल?

मी करते ते चार उपक्रम सांगते. साहित्य काही लागत नाही.

१. उभे राहा, खाली बसा. “ज्यांच्याकडे निळा पेन आहे, त्यांनी उभं राहा.” “ज्यांच्याकडे निळा पेन नाही, त्यांनी हात वर करा.” “ज्यांचं नाव ‘स’ने सुरू होतं त्यांना सोडून बाकीच्यांनी बसा.” हळूहळू ‘नाही’, ‘सोडून’, ‘वगळता’ आणायचं. कोणाला समजलं, कोणाला नाही, हे लगेच डोळ्यांना दिसतं. आधी हे केलं असतं तर माझी ती सूचना कोणाला कळणार नाही हे मलाच कळलं असतं.

२. गाठ मारा. दोन सुटी वाक्यं द्यायची आणि जोडून घ्यायची. आपल्या भागातलीच घ्या. ‘काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते गाव बारामती तालुक्यात आहे.’ याचं होतं, ‘ज्या गावात तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते काटेवाडी बारामती तालुक्यात आहे.’ तसंच, ‘उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की एक जुनं मंदिर दिसतं. ते पळसदेवचं आहे.’ किंवा ‘आपल्या शेतांना नीरा डाव्या कालव्याचं पाणी मिळतं. तो कालवा वीर धरणापासून निघतो.’ मुलं स्वतःच्या गावची वाक्यं आणायला लागतात. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपासून भवानीनगरच्या कारखान्यापर्यंत सगळं वहीत येतं.

३. गाठ सोडा. हा वरच्या उपक्रमाचा उलटा प्रकार आणि जास्त महत्त्वाचा. वर्तमानपत्रातली, ग्रामपंचायतीच्या फलकावरची, औषधाच्या डब्यावरची लांब वाक्यं आणायची. ‘जो’ कुटुंबातल्या शब्दाला गोल, त्याच्या ‘तो’ला चौकोन आणि दोघांना जोडणारी रेघ. मग सुटी वाक्यं. जुने गुरुजी कवितेचा अन्वय लावून घ्यायचे ते हेच होतं. मोरोपंत १७९४ मध्ये आपल्या बारामतीतच वारले. त्यांच्या आर्या शिकवताना आधी शब्दांची नीट मांडणी करून मगच अर्थाकडे जायचे. आपण अन्वय जुनाट म्हणून सोडून दिला आणि त्याबरोबर एक चांगली सवयही सुटली.

४. आजीची म्हण. घरून ‘ज’ने सुरू होणारी एक म्हण आणायची आणि त्यातला ‘तो’ दाखवायचा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली मुलं वर्गात असतील तर त्यांच्याकडच्या म्हणी आणि त्यांचे ‘जवा–तवा’ आवर्जून फळ्यावर घ्या. एरवी वर्गात गप्प बसणारं मूल त्या दिवशी बोलतं.

“पण हे अभ्यासक्रमात कुठं आहे?”

असं काहीजण नक्की म्हणतील. बरोबर आहे, मिश्र वाक्य, गौण वाक्य ही नावं प्राथमिकच्या मुलांना द्यायची गरज नाही. मीही देत नाही. पण ही रचना त्यांच्या पुस्तकात पहिल्यापासून आहे, गणितात आहे, परिसर अभ्यासात आहे, प्रश्नपत्रिकेच्या वरच्या सूचनेत आहे. जी गोष्ट मूल रोज वाचतं ती शिकवायला वेगळी परवानगी कशाला?

दुसरी शंका वेळेची. यासाठी वेगळा तास लागत नाही. परिपाठानंतरची पाच मिनिटं, गणिताच्या एका शाब्दिक उदाहरणाआधीची दोन मिनिटं पुरतात.

तिसरी शंका माझ्या एका सहकारी सरांची. “नावं पाठ नसतील तर पुढे परीक्षेत मार्क जातील.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. या मंडळींनी भाषेला नावं दिली म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलू शकतो. नावं लागतातच. पण त्यांनीही आधी लोक कसं बोलतात ते ऐकलं आणि मग नाव दिलं. आपण वर्गात नेमका उलटा क्रम लावतो. ज्या मुलाने शंभर गाठी सोडवल्यात, त्याला आठवीत ‘याला विशेषणवाक्य म्हणतात’ हे एका मिनिटात कळेल. ज्याने फक्त व्याख्या पाठ केली, त्याला सूचना फलक वाचता येईलच असं नाही.

शेवटी त्या सूचनेकडे

मुलीच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. चुकलं माझं. माझ्या वाक्यात ‘ज्या’ होता, त्याची जोडी म्हणून ‘अशा’ होता, पण त्यांच्या वाट्याला क्रियापदच नव्हतं. क्रियापद दिलं होतं ‘इतर पालकांना’, आणि तेही नकारात. ज्यांनी बँकेत जायचं, त्यांना ‘जा’ असं त्या अख्ख्या वाक्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं!

गेल्या वर्षी तीच सूचना परत द्यायची वेळ आली. या वेळी मी ती पाचवीच्या मुलांकडून लिहून घेतली. ती चौथीतली मुलगी आता पाचवीत होती, गाठी सोडवण्यात पटाईत झालेली. तिने फळ्यावर लिहिलं :

“ज्यांचं खातं आधारला जोडलेलं नाही, त्यांनीच बँकेत जायचं. ज्यांचं जोडलेलं आहे, त्यांनी जायचं नाही.”

मी फक्त खाली तारीख घातली. त्या वर्षी कोणाचा रोज बुडाला नाही.

मित्रहो, उद्या वर्गात जाल तेव्हा एवढं एक करून बघा. पुस्तकातलं कुठलंही लांब वाक्य घ्या, ‘जो’ला गोल करा आणि पोरांना म्हणा, याचा ‘तो’ शोधा. आणि आपण स्वतः पालकांसाठी सूचना लिहू तेव्हा ती पाठवण्याआधी वर्गातल्या एका पोराला वाचायला देऊन विचारा, “आता सांग, कोणी जायचं?” त्याला सांगता आलं नाही, तर सूचना बदला.